मानेचा होकार

अप्पांच्या शेवटच्या दिवसाच्या हॉस्पिटलच्या कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं आहे.

माझे वडील जन्मापासून बहिरे. तोंडून आवाज निघे, पण शब्द होत नसत. लोक हसत, म्हणून बाहेर त्यांनी तो काढणंच सोडलं. छापखान्यात पुस्तकबांधणीला लागले तेव्हा, काही समजलं नाही की ते कानाशी हात नेत. फोरमन वैतागे, "परत परत सांगायला मी पोपट आहे का?" दोनदा घरी पाठवल्यावर अप्पा शिकले: कुणी काहीही बोललं की हसायचं आणि मान हलवायची. तिथे त्यांना नंदीबैल म्हणत. त्यालाही ते मान हलवत.

घरी आम्ही कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर बोलायचो. भांडायचोही त्यांवरच. 'मीठ?' असं लिहून, खाली दोन रेघा मारून ते ताट पुढे सरकवत.

पोट दुखतं म्हणून त्यांना भरती केलं.

"सिस्टर, त्यांना ऐकू येत नाही. लिहून विचारा. मान हलवतील, त्यावर जाऊ नका."

"अहो ताई, चाळीस पेशंट आहेत. सगळ्यांना पत्रं लिहीत बसू?"

"मग मला थांबू द्या."

"पुरुषांचा वॉर्ड आहे. चार ते पाच या."

मी उशाशी तशी चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी चारला गेले तर ती नव्हती. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

'दुखतंय?' मी लिहिलं.

'सकाळपासून फार. लिहून दाखवलं. सिस्टरने कागद खिशात घातला.'

मी तिच्याकडे धावले.

"खिशात? असेल. बघायला वेळ कुठंय?" ती म्हणाली. "पण डॉक्टरांनी स्वतः विचारलं ना, बरं वाटतंय का. चक्क हसून हो म्हणाले."

"ते हो नव्हतं."

"मग काय होतं?"

मी छापखान्यापासून सांगायला लागले. ती सलाईन बदलत होती. पाच वाजले आणि वॉचमनने मला बाहेर काढलं.

दाराच्या काचेतून दिसलं: डॉक्टर आले, अप्पांवर वाकले, त्यांचे ओठ हलले. अप्पा हसले. मान हलवली.

मी काचेवर थापा मारल्या.

"ताई, फुटेल ती," वॉचमन म्हणाला.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. अप्पांनी मात्र मला पाहिलं. पोटावरचा एक हात तसाच ठेवून दुसऱ्याने खुणावलं: जा, उशीर होईल.