मास्टरांचं बोट

लष्करी इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीतल्या बाईंना जखमी शिपायांनी नाव ठेवलं होतं पक्कड. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती आघाडीवरून आलेल्या एकाचीही नव्हती. आखडलेला गुडघा आणा, धरलेला खांदा आणा, बाई तो हलता केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कुणी कळवळलं तर म्हणायच्या, ओरडा खुशाल, तेवढाच फुप्फुसांना व्यायाम. आपण बरा केलेला माणूस पुन्हा मरायलाच जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण त्याचा विचार करायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. विचार करत बसलं की हात चालत नाहीत.

मास्टर आले आणि ते सगळं ठरवणं बोंबललं.

मास्टर म्हणजे शिंपी. चाळिशी ओलांडलेले, सक्तीच्या भरतीत उचललेले. उजव्या तळहातातून लोखंडाचा तुकडा आरपार गेला होता आणि अंगठ्याशेजारचं बोट ताठ होऊन बसलं होतं. ते वाकलं तर सुई धरता येणार, दुकान चालणार. पण वाकलं तर बंदुकीचा चापही ओढता येणार. तपासणी मंडळाला सुईशी काय देणंघेणं!

रोज कोमट मेणात हात बुडवायचा, चोळायचा, मग टेबलावरच्या आगकाड्या एकेक करून उचलायच्या. सातव्या आठवड्यात बोट वाकलं. मास्टर हसले, बाईही हसल्या, आणि मग दोघांनाही चाप आठवला.

त्याच आठवड्यात मास्टरांची बायको भेटायला आली. रडणं नाही, भेकणं नाही. थोरला मुलगाही तिकडेच आहे, चार महिने पत्र नाही, एवढं सांगून ती म्हणाली, "ताई, यांना तरी राहू द्या."

बाईंनी त्या दिवशी मास्टरांच्या प्रगतीच्या तक्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं: बोट वाकत नाही. मास्टरांना बाजूला घेऊन दम भरला, की तपासणीत टोचतील, ओढतील, डाफरतील, पण बोट ताठच ठेवायचं. मग आठवडाभर त्यांच्याकडून न वाकवण्याचा सराव करून घेतला. सगळा उलटाच कारभार!

तपासणीला मोठे डॉक्टर आणि शेजारी दोन अधिकारी बसले होते. डॉक्टरांनी बोट ओढलं, दाबलं, टाचणी टोचली. मास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोट तसूभर वाकलं नाही. डॉक्टरांनी कागदावर 'सेवेस अयोग्य' लिहिलं आणि म्हणाले, "जा घरी." भिंतीशी उभ्या असलेल्या बाईंच्या जिवात जीव आला.

मास्टर आभार मानायला वाकले. डॉक्टरांच्या कोटाचं एक बटण धाग्यावर लोंबत होतं. पंचवीस वर्षं दुकानात काढलेला माणूस तो. "साहेब, हे पडेल हं," म्हणत त्यांनी सुटलेला धागा चिमटीत धरला, बटणाखाली तीन वेढे दिले, गाठ मारली आणि धागा त्याच वाकवलेल्या बोटाला गुंडाळून ती घट्ट ओढली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं झालं. मग त्यांचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं.

डॉक्टर वाईट नव्हते, हेच तर दुर्दैव. एकटे असते तर त्यांनी काणाडोळा केलाही असता. पण शेजारच्या दोघांनीही पाहिलं होतं. डॉक्टरांनी कागदावरची ओळ खोडली, बाईंवर काही येऊ नये म्हणून त्यांच्या तक्त्यावर स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली, आणि मान वर न करता म्हणाले, "बाई, हात उत्तम बरा केलात तुम्ही."

बाईंना वाटलं, याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

बाहेरच्या बाकावर मास्टरांची बायको बसली होती. तिला सांगायला बाई स्वतःच गेल्या. दारातून बाईंना येताना पाहून ती लगबगीनं उठली आणि पिशवीतून मास्टरांचे घरचे कपडे काढू लागली.