साहेबाचा मोगरा

आक्काने उभी हयात शिलाईमशीनवर काढली. चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणून गच्चीवरच्या कुंडीतली कण्हेर छाटली तेव्हा तिने पानं फेकली नाहीत. बारीक कातरून शेजारच्या गुलाबाच्या मातीवर पसरली. माती ओली राहील आणि खतही होईल.

त्या कुंडीत साहेबाने तोंड घातलं.

साहेब म्हणजे घरातला कुत्रा. म्हातारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. पण ताटली पुढ्यात आणून ठेवल्याशिवाय जागचा हलायचा नाही, म्हणून हे नाव. त्याला ओकाऱ्या लागल्या, पाय लटपटू लागले. मुलाने त्याला खांद्यावर टाकून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळवलं, म्हणून निभावलं. कण्हेर मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी, वाळली तरी विषारी, असं बाईंनी बजावलं.

घरी येताच आक्काने हातमोजे चढवले आणि स्वतः वाढवलेली, डोक्याइतकी उंच कण्हेर स्वतःच उपटली. जाळली नाही, तिचा धूरही वाईट. पोत्यात बांधून कचरागाडीत दिली. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

पण आगीतून फुफाट्यात. कण्हेर होती जिन्याच्या तोंडाशी, आणि साहेब तिला हुंगूनच वळायचा. ती गेली तसा तो सरळ चालत राहिला आणि पायऱ्यांवरून गडगडला. फाटक बसवावं, तर सगळ्यांची दिवसभर ये-जा. कुणीतरी उघडं टाकणारच. मुलगा म्हणाला, आता याला प्राण्यांच्या आश्रमात ठेवू, तिथे सपाट आवार आहे. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंनी लगेच री ओढली की कुंड्या आणि कुत्रं एका गच्चीत नांदत नाहीत, हे त्या आधीपासूनच सांगत होत्या.

आक्काने मुलाकडून थोडी मुदत मागून घेतली. डॉक्टरीणबाईंना विचारून, कुत्र्याला न बाधणारा मोगरा आणला आणि जिन्याच्या तोंडाशी जड कुंडीत लावला. साहेबाने उकरू नये म्हणून मातीवर गोटे रचले. मग रोज सकाळ-संध्याकाळ पट्टा धरून त्याला तिथे नेई, हुंगू देई, डावीकडे वळवी. फुलं नसताना याला काय कळणार, असं मुलगा म्हणे. आक्काचं म्हणणं, फूल माणसाला लागतं, कुत्र्याला पान पुरतं.

मुदत सरली तेव्हा तिने मुलाला आणि जाऊबाईंना वर बोलावलं आणि पट्टा सोडला. साहेब डुलत डुलत थेट जिन्याकडे निघाला. मुलगा धावणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"थांब. त्याचं त्याला करू दे."

साहेब पायऱ्यांशी पोचला. नाक वर केलं. मोगऱ्याची पानं हुंगली, डावीकडे वळला आणि सावलीतल्या सतरंजीवर जाऊन ऐसपैस पसरला. जणू गच्ची त्याच्याच नावावर होती.

मुलाने तिथूनच आश्रमात फोन लावला. "नको आता. आमचा साहेब घरीच राहील."

आक्काचा ऊर असा भरून आला की पदर सावरायचंही भान राहिलं नाही. जाऊबाई मोगऱ्याभोवती घुटमळत होत्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "मलाही एक फांदी देशील का गं?"

"देईन की," आक्का म्हणाली. "पण आधी तुमच्या खिडकीतली कण्हेर काढा. तुमची मांजर तिच्याखालीच झोपते."