मगरीने नेलेली बोटं

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं. पत्र्याची मोठी शेड, मध्ये हत्तीएवढं हिरवं यंत्र. आज ते बंद आहे. त्याला प्रेस म्हणतात. पत्रा ठेवला की वरून लोखंडी ठोकळा आदळतो आणि पत्र्याची वाटी होते. पुढ्यात दोन लाल बटणं, एकमेकांपासून हातभर दूर. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. असं का? दोन्ही हात बटणांवर असले, तर ठोकळ्याखाली सापडतील कसे?

त्या यंत्रापाशी बिभीषणआबा उभे होते, उजवा हात खिशात घालून. वाळूजच्या या कारखान्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. समोर नव्याने लागलेली चाळीस पोरं. सुरक्षा दिन म्हणून घरची माणसंही आली होती. पहिल्याच रांगेत त्यांची नात, दुसरीतली सायली.

"काका, नवे नियम लागू झालेत," सुपरवायझर विश्वजीत हळूच म्हणाला. "तपासणीवाले आता नुसते कागद बघून जाणार नाहीत, पोरांना विचारतील. मी तीन दिवस फळ्यावर शिकवलं, तर पोरं जांभया देऊ राहिली. तुमीच सांगा."

"सायली हाय ना रं समोर."

"मग?"

आबांनी खिशातला हात आणखी आत खुपसला. आपली दोन बोटं पैठणच्या धरणात मगरीने नेली आणि आपण तिच्या थोबाडीत ठेवून दिली, असं त्यांनी सायलीला सांगितलं होतं. सायलीने ते अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं. आज आल्या आल्या चहावाल्यालाही.

"चाचा, मगर की कहानी सुनाव ना!" मागून कुणीतरी ओरडलं. शेडभर हशा पिकला.

आबांनी चहावाल्याकडून काडेपेटीतली एक काडी मागून घेतली. उजवं बटण दाबून ती फटीत खोचली. बटण दबलेलंच राहिलं.

"आमी असं करायचो. एक हात मोकळा, काम लई झपाझप. साहेबानं दोनदा दरडावलं, मी दोनदा हसलो. यंत्रात खोट नव्हती, पोरांनो. काडी मीच घातली व्हती." त्यांनी उजवा हात बाहेर काढून उंच धरला. तीन बोटं. "मगर-बिगर काय नाय."

शेवटचं वाक्य ते पहिल्या रांगेकडे बघून बोलले.

"मग थोबाडीत कुणाच्या दिली?" सायलीने विचारलं.

"कुणाच्याच नाय, माय."

या वेळी कुणी हसलं नाही.  सायली उठून यंत्रापाशी आली, टाचा उंचावून नखांनी काडी ओढून काढली. बटण टक्कन वर आलं. काडी तिने मोडून खिशात टाकली. आबांचा हात पुन्हा खिशाकडे निघाला होता. तिथं पोचायच्या आत तिने तो धरला, दोन्ही हातांनी.