रविवारपर्यंत सुट्टी नको

पदरात तीन लेकरं, आणि त्यानंतर वनमालानं पोट पाडायची ही चौथी खेप. मागल्या खेपेला नर्सबाईनं "आलीस का परत? लाज कशी वाटत न्हाई?" म्हणून चारचौघींत तिची अब्रू काढली होती. म्हणून यंदा दवाखान्याचं नावच नको, असं म्हणून वनमालानं दुकानातून गोळ्या आणून गिळल्या. सहा दिवस रक्त गेलं. अंग तापानं फणफणलं, तेव्हा कुठं नवऱ्यानं, बंकटनं, धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवरून तिला टेम्पोत घालून मोठ्या दवाखान्यात आणलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर दिपालीनं बंकटला खाटेजवळ बोलावलं.

"आणखी एक खेप झाली तर ही हाती लागायची नाही. आत चिघळलंय, तांबी बसवता येत नाही. दिवस राहू नयेत म्हणून इंजेक्शन असतं, ते सोमवारी येईल. महिनाभर हिच्याजवळ जायचं नाही. नाहीतर तुम्ही नसबंदी करा, दहा मिनिटांचं काम."

बंकट भडकलाच! जन्म मेंढरांत गेलेला. नको ते मेंढे तो दरसाल स्वतःच्या हातानं खच्ची करायचा, आणि नसबंदी म्हणजे तेच, हे त्याच्या टाळक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. कशाचं काय!

"मला काय मेंढा समजलाव का? रविवारी मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघायचंय, आठ महिने वापस न्हाई. हिला आजच सुट्टी द्या. जायच्या आधी चार दिस तरी बायको घरात पायजे."

मेल्याला बोलताना जराही लाज वाटली नाही. पिशवी भरायला लागला.

वनमाला खाटेवर उठून बसली. मागल्या सालीही हेच चार दिवस होते. ती सासूजवळ जाऊन झोपली होती, तिथून त्यानं हाताला धरून उठवून नेली होती. सासू कूस बदलून पडून राहिली. आता कुणाला सांगायचं?

दारात दोन बाळंतिणी खाटेची वाट बघत बसलेल्या. डॉक्टरनं सुट्टीचा कागद पुढं ओढला. वनमालानं तिचं मनगट गच्च धरलं.

"बाई, पाया पडते तुमच्या. खाट द्या त्यांना, मला खाली टाका. पन सुट्टी देऊ नका. मेंढरं जाऊ द्या, मग द्या."

डॉक्टर दिपालीनं कागद फाडला आणि दोन खाटांच्या मधे फरशीवर गादी टाकायला सांगितली.