हिरवा ठिपका

"तिला पुन्यांदा इचारत जा, म्याडम. एकदा इचारलं की ती व्हयच म्हणती."

कुशाबाईंनी हे तुळसाबद्दल दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, फरशी पुसता पुसता. पाळीची सुपरवायझर असलेल्या उत्कर्षाला ते आत्ता आठवलं, तेव्हा तिचे दोन्ही हात कोल्ड रूमच्या दांड्यावर होते आणि दार हलत नव्हतं. कडेच्या रबरावर बर्फ धरला की ते असंच चिकटायचं. आतून ढकललं तर सहज उघडायचं, बाहेरून ओढायला मात्र जोर लागायचा. तिने पाय भिंतीला लावून ओढलं. पांढरी वाफ तिच्या गुडघ्यांवर आली.

बाहेरच्या भिंतीवर जाड जाकिटांसाठी सहा खुंट्या होत्या. पाच जाकिटं लटकत होती.

तीनला पहिली पाळी सुटून पंचवीस मिनिटं झाली होती. पॅकिंगवरची पायल गेटवरून परत आली होती, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला, हातात स्कूटीची किल्ली. ती आणि तुळसा दोघी डाळज गावच्या, रोज एकाच स्कूटीवर यायच्या. तुळसा कुठं हाय, असं तिने विचारलं, तेव्हा उत्कर्षाने कपडे बदलायची खोली पाहिली, मग कँटीन, मग संडासांची दारं एकेक करून वाजवली. गेटच्या वहीत तुळसा बाहेर गेल्याची सही नव्हती. कोल्ड रूम तिच्या डोक्यातही आली नाही, कारण तिथलं काम दुपारी एक वाजताच संपायला हवं होतं. परत येताना तिला ती रिकामी खुंटी दिसली.

आत उणे अठरा होतं. लोण्याच्या खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. उत्कर्षा अंगातल्या पातळ कोटावरच आत शिरली. हाक मारली तर आवाज खोक्यांतच मुरला. शेवटच्या ओळीमागे तुळसा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर एक खोकं, दोन्ही हात त्याच्यावर, जसं कुणी झोपलेल्या पोराला धरून बसावं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ती कापतही नव्हती.

"तीन ऱ्हायल्यात," तुळसा म्हणाली. जीभ जड झाली होती. "झालंच, मॅडम."

तिला कुणी आत कोंडलं नव्हतं. दाराला काही झालं नव्हतं. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर, असा नियम दारावरच लिहिला होता. पण साडेबाराला जादा माल आला, तेव्हा उत्कर्षाने दार अर्धवट उघडून विचारलं होतं, एवढंही लावून टाकशील ना, मगच ये. आतून उत्तर आलं होतं, व्हय.

दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत पायलने तुळसाची बोटं आपल्या काखेत धरली होती. भिगवण रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून होता. पुढच्या सीटवर उत्कर्षाच्या मांडीवर तुळसाची फाइल होती, विम्याचं कार्ड त्यात असतं म्हणून निघताना उचललेली. ती दर मिनिटाला वळून पाहत होती. पायल रडत नव्हती, बोलत होती. सारखी बोलत होती, सासूबद्दल, कालच्या भाजीबद्दल, तुळसाच्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याबद्दल. मध्येच ती थांबली.

"मी आत असती तर हिला वढून भाईर काढली असती," ती म्हणाली. "तुमीच मला पॅकिंगला टाकलं."

उत्कर्षानेच टाकलं होतं.

दिवाळीनंतर कारखान्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. माणूस ओळखा, मग त्याला काम सांगा, असं शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. साठ प्रश्न आणि चार रंग. लाल माणूस झटकन ठरवतो, पिवळा बोलका, निळा काटेकोर, हिरवा शांत. उत्कर्षा लाल निघाली. समोरच्याचं वाक्य आपण तोडतो, हे तिला त्या कागदावरून पहिल्यांदा कळलं, आणि वाईट वाटलं. तेव्हापासून ती उत्तर देण्याआधी मनात तीन आकडे मोजायची. त्याचा उपयोगही झाला. पॅकिंगवरच्या दोन लाल बायकांना तिने वेगवेगळ्या टोकांना नेलं आणि रोजची भांडणं थांबली. साहेबांनी मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. मग तिने सगळ्यांच्या ओळखपत्रांवर रंगीत ठिपके चिकटवले. कोल्ड रूममध्ये पायल आणि तुळसाची जोडी होती, पायल पिवळी, तुळसा हिरवी. पिवळी हिरवीचं लक्ष घालवते, हिरवी एकटी चांगलं काम करते, असं पुस्तिकेत होतं. जोडी तिने तोडली. कुशाबाई बोलल्या ते त्याच दिवशी. "मावशी, साठ प्रश्न विचारलेत तिला," उत्कर्षा हसून म्हणाली होती. तेव्हा तिने तीन मोजले नव्हते.

दवाखान्यात तुळसाला गरम पांघरुणांत गुंडाळलं, हात कोमट पाण्यात ठेवले. तासाभराने तिच्या ओठांना रंग आला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. बोटांना स्पर्श कळतोय का, त्यांनी विचारलं.

"व्हय."

छातीत धडधडतंय का, चक्कर येते का, तर मान नाही अशी हलली. बरं वाटतंय?

"व्हय. जाऊ का घरी?"

बोटं बधिर राहिली तर रात्रभर ठेवायला लागेल, नाहीतर बोटं गमवायची वेळ येते, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. पण ती कळतंय म्हणतेय. सहाला दुसरे डॉक्टर येतील, ते बघतील आणि सोडतील.

पायल तुळसाच्या नवऱ्याला आणायला डाळजला गेली. त्याचा फोन लागत नव्हता. उत्कर्षा बाकावर बसली आणि विम्याचं कार्ड काढायला तिने फाइल उघडली. कार्डाच्या खाली तो साठ प्रश्नांचा कागद होता.

तिने तो ओळखला, कारण खुणा तिच्याच पेनाच्या होत्या. तुळसा वाचायला वेळ लावते म्हणून ती स्वतः शेजारी बसून प्रश्न वाचत होती आणि खुणा करत होती. तेवढ्यात पाळणाघराच्या बाईंचा फोन आला होता, लेकीला, छकुलीला, ताप आहे म्हणून. उरलेले प्रश्न तिने उभ्यानेच उरकले होते. त्या दिवशी घरी जाऊन तिने लेकीच्या कपाळाला किती वेळा हात लावला असेल. बरंय मम्मी, असं छकुली म्हणाली तरी पुन्हा लावला होता.

मला एकटीने काम करायला आवडतं. व्हय. मला चार माणसांत काम करायला आवडतं. व्हय. मी लगेच रागावते. व्हय. मी कधीच रागावत नाही. व्हय. खूण, खूण, खूण, साठच्या साठ, एका रेषेत खाली उतरलेल्या.

कागदाच्या तळाला बेरीज होती. लाल पंधरा. पिवळा पंधरा. निळा पंधरा. हिरवा पंधरा. हिरव्याभोवती गोल होता. तोही तिनेच काढलेला.

उत्कर्षा उठून आत गेली. तुळसाने डोळे उघडले आणि उठून बसायचा प्रयत्न केला, मॅडम आल्या म्हणून. उत्कर्षाने तिला खाली दाबलं, कपाळावर तळवा ठेवला. मग पांघरुणाखालून तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट धरलं आणि दोन्हींना नखाने चिमटा काढला. जोरात.

तुळसा तिच्याकडे बघत राहिली. शांत.

"कळलं का?"

"व्हय."

"काय केलं मी?"

तुळसाचे ओठ हलले. मग तिने मान दुसरीकडे वळवली.

उत्कर्षा नर्सकडे गेली. नर्सने ऐकून घेतलं, हो हो म्हणाली, पण पेशंटच बरं आहे म्हणतेय मॅडम, आणि माझीही ड्यूटी सुटतेय. पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पाळणाघराच्या बाईंचे दोन मिस्ड कॉल होते. सहाला तिथं कुलूप लागतं. जाऊन यायला पाऊण तास. पायल अजून परतली नव्हती.

निघण्याआधी तिने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. अक्षर वाकडं येत होतं. लिहून झाल्यावर तिने तो पलंगाच्या दांड्याला, सलाईनच्या चिकटपट्टीने, आत येणाऱ्याच्या नजरेसमोर लावला.

जे कुणी हे वाचतील त्यांना विनंती. हिचं नाव तुळसा. हिच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना काहीच कळत नाही. बरं वाटतंय का विचारलंत तर ही व्हय म्हणेल. तेवढ्यावर जाऊ नका. घरी सोडू नका. खुर्ची घेऊन जवळ बसा, थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.