मशीनला बाईंचा हात सोसत नाही

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाला लागून, पूर्वी चादरी ठेवायची एक खोली होती. आता तिथे सर्व्हर होता. त्या सकाळी साडेदहाला खोलीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं आत शिरली होती, आणि ज्यांना जागा मिळाली नव्हती ती दारात टाचा उंचावून उभी होती. दोन नर्स, एक्स-रेवाले, औषध भांडाराचे कारकून, हातात झाडू घेतलेल्या सफाईच्या मावशी, आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला एक पेशंट. त्याला त्याच्या भावाने हा चमत्कार बघायला खास चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. सगळ्यांच्या चपला बाहेर होत्या, तोंडं भिंतीकडे होती, डोळे मिटलेले होते, आणि सगळे मोठ्याने शंभरपासून उलटे आकडे मोजत होते.

सत्तरपर्यंत एकी टिकली. पुढे कुणी एकोणसाठ म्हणालं, कुणी एकोणसत्तर, आणि दोन तट पडले. त्या गदारोळात मशीनसमोर बसलेल्या एकाच माणसाचे डोळे उघडे होते. ते यंत्रबाबा.

"उघडा डोळे," बाबा शेवटी म्हणाले.

पडद्यावर ओळ झळकत होती : तिसरा भाग इन्स्टॉल झाला. टाळ्या पडल्या. अधीक्षकसाहेबांनी हात जोडले. बाबांनी करंगळीतल्या निळ्या खड्याच्या अंगठीवरून अंगठा फिरवला आणि प्रवचन सुरू केलं.

"लोक म्हणतात मशीन निर्जीव आहे. मशीनमध्ये काय असतं? शून्य आणि एक. शून्य म्हणजे काय? हे विश्व. आणि एक म्हणजे?"

बाबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"एक म्हणजे मी," बाबा म्हणाले. "हे ज्याला कळलं, त्याचं इन्स्टॉलेशन कधी अडत नाही."

औषध भांडाराच्या कारकुनाने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.

या सगळ्यात जिचं काम होतं ती ऑपरेटरबाई खोलीत नव्हती. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. बाबांचा तसा हुकूमच होता : बैठक चालू असताना बाईंनी मशीनपासून तीस पावलं लांब राहायचं. पावलं मावशींना मोजायला लावली होती, आणि मोजताना मावशींनी बाईकडे वर बघितलं नव्हतं.

प्रकरण दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. मुख्य कार्यालयाने त्यांचा जुना सर्व्हर उदार मनाने रुग्णालयाला दिला. घरातला मोडका पलंग गरीब नातेवाइकाला देतात तसा. त्यावर पेशंटच्या तपासण्यांची नोंद ठेवणारं नवं पॅकेज बसवायचं होतं. पॅकेजचे पाच भाग होते. ते एकेक करून कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचे आणि बसवायचे, एवढंच काम. कंत्राटावर घेतलेल्या ऑपरेटरबाईने पहिल्या दिवशी हुकूम दिला. मशीनने दहा-बारा ओळी लिहिल्या आणि शेवटी सांगितलं : इन्स्टॉलेशन अयशस्वी. दुसऱ्या दिवशी तेच. पंधराव्या दिवशीही तेच. कंपनीच्या मदत-क्रमांकावरचा मुलगा गोड आवाजात दरवेळी एकच सांगायचा, "मॅडम, पुन्हा एकदा करून बघा."

मग अधीक्षकांच्या मेहुण्याने बाबांना आणलं. बाबांनी पडदा बराच वेळ न्याहाळला, मशीनवर तळवा ठेवला आणि विचारलं, "याला रोज कोण हात लावतं?" सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. "अच्छा," बाबा म्हणाले, आणि त्या एका शब्दात बाईचा निकाल लागला. माणसं भिंतीकडे वळली, आकडे मोजले गेले, पहिला भाग बसला. "आज कुणी हात लावू नका," बाबांनी बजावलं. "रात्री रोजच्यासारखं मेन स्विच बंद करून त्याला झोपू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने दुसरा भाग बसवायला घेतला. इन्स्टॉलेशन अयशस्वी. एवढ्यावर झालं. बाईंचा हात मशीनला सोसत नाही, हे दुपारच्या चहापर्यंत चारही मजल्यांवर पोचलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, हे समजण्यासारखं आहे. पण इथे फांदी रोज तुटत होती आणि कावळा रोज बसत होता. बाईलासुद्धा आता स्वतःचीच शंका यायला लागली होती. ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. लोक बोलतात ते एक वेळ बोलू द्यावं, पण की-बोर्डवर बोटं टेकताना आपलाच हात कापतो, याचं काय करायचं?

आणि बातमीला पाय असतात. ती घरी तिच्याआधी पोचली होती. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्या संध्याकाळी मिक्सरचं बटण दाबायला बाई पुढे झाली तेव्हा त्या घाईने मध्ये आल्या. "राहू दे गं, मी लावते. तू दमून आलीयेस."

"आई, मिक्सर लावायला काय दम लागतो?"

"नवीन आहे तो," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

तिसऱ्या बैठकीनंतर बाबांनी अधीक्षकांच्या केबिनमध्ये मन मोकळं केलं. चौथा आणि पाचवा भाग अवघड आहे. बसेल, पण मशीनजवळची व्यक्ती बदलावी लागेल. त्यांची एक शिष्या आहे, हात फार शांत आहे. अधीक्षकांनी लगेच आदेश टाइप करून घेतला : बाईंचं कंत्राट येत्या सोमवारपासून संपुष्टात, कारण 'यंत्राशी असलेला विसंवाद'. सही तेवढी सोमवारच्या बैठकीनंतर व्हायची होती, आणि टाइप करणाऱ्या कारकुनाने हे बाईच्या कानावर घातलं होतं. ही नोकरी गेली असती तर बाईला दुसरी शोधता आली असती. पण हे कारण कागदावर घेऊन ती कुठे गेली असती?

शनिवारी दुपारी ती आपल्या टेबलाशी बसून होती. मशीनला हात लावायची बंदी होती. वाचायची बंदी मात्र कुणी घातली नव्हती, कारण वाचणं हेही एक काम आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेबलावरच्या संगणकावरून सर्व्हरची नोंदवही उघडता येत होती. सर्व्हर आपण केलेलं प्रत्येक काम तारीख-वेळ टाकून लिहून ठेवतो. बाईने ती पहिल्यांदाच वरपासून वाचायला घेतली. आजवर, खरं बोलायचं तर, तिनेही फक्त शेवटची ओळ वाचली होती. तीसुद्धा धास्तीने, परीक्षेचा निकाल बघावा तशी.

'अयशस्वी'च्या चार ओळी वर मशीनने स्वच्छ लिहिलं होतं : समोरच्या सर्व्हरच्या ओळखपत्राची मुदत अजून सुरू झालेली नाही.

अजून सुरू झालेली नाही? ओळखपत्राची मुदत संपते, हे तिला माहीत होतं. पण कंपनी तर गेली कित्येक वर्षं चालू होती. तिने ओळीच्या सुरुवातीची तारीख पाहिली. एक जानेवारी. साल चौदा वर्षांपूर्वीचं. मागची ओळ, एक जानेवारी. कालची सकाळ, परवाची सकाळ, दोन महिन्यांतली प्रत्येक सकाळ, एक जानेवारी. या मशीनच्या लेखी दोन जानेवारी कधी उजाडलीच नव्हती.

फक्त तीन दिवस वेगळे होते. त्या तीन दिवशी सकाळच्या ओळी जानेवारीच्या होत्या आणि मध्येच तारीख एकदम आजच्या सालात आली होती. त्याच्यापुढे 'यशस्वी'. टाइप केलेले हुकूम साठतात ती दुसरी यादी बाईने उघडली. तिन्ही बैठकांना, इन्स्टॉलच्या हुकमाच्या आधी, एकच हुकूम होता : घड्याळ बदला.

बाईने तिन्ही दिवसांच्या ओळी पुन्हा एकदा ताडून पाहिल्या. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. अख्ख्या रुग्णालयात पडदा पूर्ण वाचणारा एकच माणूस निघाला होता, आणि तो बाबा होता.

सोमवारी गर्दी आणखी वाढली होती. बाबांनी "भिंतीकडे वळा" म्हटलं, तशी बाई दारातून म्हणाली, "साहेब, एक विनंती आहे. मी मशीनला हात लावणार नाही. महाराजांनीच लावावा. फक्त आज आम्ही डोळे उघडे ठेवतो."

बाबा मंद हसले. "उघड्या डोळ्यांची ऊर्जा उष्ण असते, ताई. मशीनला त्रास होतो."

"होऊ द्या की एकदा गरम," प्लास्टरवाला पेशंट खुर्चीतून म्हणाला. "गेल्या वेळी मी भिंतच बघितली नुसती."

लोक हसले. अधीक्षकांनाही आतून उत्सुकता होतीच; ते म्हणाले, "महाराज, तुम्हाला काय अवघड आहे?"

बाबांनी तळवा टेकला, डोळे मिटले, इन्स्टॉलचा हुकूम दिला. इन्स्टॉलेशन अयशस्वी.

"बाई जवळ आहेत," बाबा म्हणाले. बाई निमूटपणे तीस पावलं लांब गेली. पुन्हा हुकूम. अयशस्वी.

"खोलीत कुणाच्या तरी मनात शंका आहे."

आता मात्र शंका खरोखरच पुष्कळांच्या मनात होती. पाण्याच्या टाकीपासून बाईचा आवाज आला. "मावशी, तुम्ही मशीनपाशी जा. पडद्यावर डाव्या बाजूला तारीख आहे. मोठ्याने वाचा."

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि चष्मा लावला. तारीख वाचली, साल वाचलं, आणि थबकल्या. "बाई, हे चौदा वर्षांपूर्वीचं आहे. माझी नातसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती."

"आता मी एकेक अक्षर सांगते, ते दाबा."

मावशींनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर की-बोर्डवर शोधून, आजची तारीख दाबली. मग इन्स्टॉलचा हुकूम दाबला. सगळे बघत होते. कुणी काही मोजत नव्हतं. दोन मिनिटांनी ओळ आली : चौथा भाग इन्स्टॉल झाला. मावशी स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या.

बाई आत आली. "मावशींच्या अंगात काही संचारलेलं नाही," ती म्हणाली. "पॅकेज देणारा सर्व्हर आधी आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. आपलं मशीन ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतं. त्याच्या हिशेबाने आज चौदा वर्षांपूर्वीचा जानेवारी आहे, म्हणून ते ओळखपत्र त्याला खोटं वाटतं आणि ते पॅकेज घेत नाही. त्याचं काही चुकत नाही. तुम्ही आकडे मोजत होता तेव्हा महाराज घड्याळ लावत होते. आकडे मोठ्याने मोजायला लावले, कारण बटणांचा आवाज होतो."

"पण घड्याळ रोज मागे कसं जातं?" अधीक्षकांनी विचारलं.

उत्तर वायरमनने दिलं. बाईने त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्याने मशीनचं झाकण काढून आतून बोटाच्या पेराएवढा एक चपटा सेल बाहेर काढला आणि मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. "वीज नसताना घड्याळ या सेलवर चालतं. हा मेलाय. आणि आपण रोज संध्याकाळी मेन स्विच पाडतो. स्विच पडला की घड्याळ गेलं."

"मग त्या यूपीएसचा काय उपयोग? मशीनसाठी मंजूर झाला होता ना तो?"

वायरमनने छताकडे पाहिलं. "साहेब, तो तुमच्या केबिनमध्ये आहे. पंख्याला."

कुणीतरी खोकलं. अधीक्षकांनी तो विषय पुढे नेला नाही.

वायरमनने स्विच पाडला, पुन्हा चालू केला. मशीन उठलं आणि पुन्हा जानेवारीत जाऊन बसलं, सगळ्यांनी बघितलं. मग बाई समोर बसली. तिने तारीख लावली, हुकूम दिला. पाचवा भाग तिच्या हाताने बसला.

बाबा दाराकडे सरकले होते. पण चपलांच्या ढिगात त्यांचे बूट तळाशी गेले होते, आणि तेवढ्यात त्यांना बोलणं भाग पडलं. "माझं कार्य हेच होतं," ते वाकल्या वाकल्या म्हणाले. "ताईंच्या मनातली जिज्ञासा जागी करणं." पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच. एक बूट सापडला तसा तो हातात घेऊन, दुसरा अर्धा पायात अडकवून ते गेले. कारकुनाने वहीतलं पान फाडलं.

अधीक्षकांनी आदेशाचा कागद घडी करून खिशात घातला आणि मोठेपणाने म्हणाले, "बाई, शेवटी तुमचाच हात लाभला म्हणायचा."

"नाही साहेब," बाई म्हणाली. "काल हा हात वाईट नव्हता, आणि आज तो चांगला झालेला नाही. तो कागद मात्र फाडा, माझ्यासमोर."

अधीक्षकांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. कागद फाटला.

गर्दी पांगेना. दोन नर्सपैकी धाकटी पुढे आली. तिच्या हातात ब्लड प्रेशरचं यंत्र होतं. डोळ्यांत तीच श्रद्धा होती, जी अर्ध्या तासापूर्वी बाबांसाठी होती. "बाई, हे सकाळपासून चालत नाहीये. जरा हात लावता?"

तिच्यामागे एक्स-रेवाले कसलातरी बंद पडलेला चार्जर घेऊन उभे होते, आणि त्यांच्यामागे आणखी कुणीतरी. बाबा रस्त्यालाही लागले नसतील, आणि त्यांच्या जागेवर बाईला बसवायची तयारी झालीसुद्धा.

बाईने दोन्ही हात मागे घेतले. "हात नाही लावणार," ती म्हणाली. "तू सांग. चालत नाही म्हणजे काय होतं? पट्टा फुगतो का?"

"नाही."

"हवा कुठून जाते?"

"या नळीतून."

"मग नळी बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

नर्सने नळीवरून बोटं फिरवली. मधोमध ती थांबली. तिथे एक बारीक चीर होती. नर्सने मान वर केली, तिच्या चेहऱ्यावर थोडी लाज होती आणि थोडा आनंद. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, ती मागे वळली आणि एक्स-रेवाल्यांना म्हणाली, "तुमचं काय होतंय ते आधी नीट सांगा."