टोपी घातलेला निवडुंग

आमच्या लाँड्रीत कपडे कमी आणि माणसं जास्त झाली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. इस्त्रीच्या टेबलावर कुंडी, कुंडीत गोल गोळ्यांचा निवडुंग, आणि त्याच्यापुढे अख्खी गल्ली हात जोडून उभी.

तो घेऊन आलेले काटेबाबा त्यावर मंतरलेलं पाणी शिंपडत. त्यांचं प्रवचन संपेपर्यंत निवडुंगाच्या डोक्यावरचं पिवळंधमक फूल हळूहळू मिटायचं.

"फुलाने रोग गिळला!" बाबा गरजायचे. "मधला गोळा गुरू, भोवती दहा शिष्य! न पेरता प्रकटलेत! आता औषधांचं विष कशाला?"

लाँड्रीची मालकीण म्हणजे माझी आत्या. तिने असंच एक प्रवचन ऐकून ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या आणि कुंडी हट्टाने आमच्याकडेच ठेवून घेतली, तीही वाफेच्या इस्त्रीला खेटून. झालं! फूल दिवसभर मिटलेलंच.

"आपलं गिऱ्हाईक फारच आजारी दिसतंय गं," आत्या हळहळली. "बिचारं फूल सारखं रोग गिळतंय."

मी एवढी हसले की इस्त्रीखालची चादर करपली. पण तीन आठवड्यांत आत्या जिना चढताना भिंत धरायला लागली, आणि माझं हसू पळालं. गोळी घे म्हटलं की ती फुलाकडे बोट दाखवायची. मला भीती वाटत होती, आणि रागही येत होता.

अशात रोपवाटिकेवाल्या बाई पडदे न्यायला आल्या. बाबांची बैठक रंगली होती. बाई गर्दीतून वाट काढत थेट कुंडीशी गेल्या.

"अय्या, किती गुटगुटीत! पण याला टोपी कुणी घातली?"

"ताई, ते दिव्य पुष्प आहे," बाबा म्हणाले.

"केव्हापासून?"

"महिना झाला. कोमेजत नाही!"

"मग या झाडाचं नाहीच ते. याची फुलं छोटी, गुलाबी. दोन उंचवट्यांच्या बेचक्यातून निघतात, डोक्याभोवती कडं करतात आणि थोड्या दिवसांत सुकतात. आणि शिष्य कसले हो? पिल्लं आहेत ती! आईच्या बुडाशी फुटतात आणि झुबका होतो. फूल वरून चिकटवलंय; एवढ्या पांढऱ्या लोकरीत आणि काट्यांत डिंक लपतो, एवढंच."

त्यांनी चिमट्याने फूल ओढलं. टक्! खाली डिंकाचा पिवळा गोळा.

"हे वाळवलेलं कागदी फूल, म्हणजे कागदासारख्या पाकळ्यांचं खरंखुरं फूल. ओलं झालं की मिटतं, सुकलं की उघडतं."

मी फूल वाफेवर धरलं. मिटलं. मग कोरड्या इस्त्रीवर अंतर ठेवून धरलं. सगळी गल्ली श्वास रोखून बघत राहिली. एकेक पाकळी उघडली आणि टाळ्या पडल्या! आमची इस्त्री बाबांपेक्षा पोचलेली निघाली.

"ही नास्तिक वाफ आहे!" बाबा ओरडले. त्यावर गल्ली जी हसायला लागली, ती बाबा झोळी आवरून सटकले तरी थांबेना.

आत्या मात्र हसत नव्हती. खुर्चीत बसून तिने माझ्याकडे हात पुढे केला.

"गोळी दे."

"डॉक्टरांकडे जाऊ आधी. तीन आठवडे बंद होती."

"चल." उठताना तिने माझा खांदा घट्ट धरला आणि गर्दीकडे वळली. "फूल का मिटतं हे महिनाभर कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. इथून पुढे आधी विचारायचं, मग हात जोडायचे. आणि डॉक्टरांना न विचारता कुणाचीही गोळी बंद करायची नाही. ऐकलंत?"